धडधाकट माणसाचे सहा दिवस

आजारी माणसाला वेगळे ठेवावे, याबद्दल कोणाचा वाद नाही. घरात कोणाला गोवर आला तर आपल्या आज्या लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देत नसत, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावीत, आणि याला कोणी जुलूम म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. वाद सुरू होतो तो धडधाकट माणसाला वेगळे ठेवायचे म्हटले की. ज्याला ताप नाही, खोकला नाही, जो दोन भाकऱ्या जास्तच खातो आहे, त्याला 'तुझ्या अंगात रोग असेल' एवढ्या संशयावर कोंडून ठेवण्याचा अधिकार समाजाला आला कोठून? आणि आला असेल, तर त्या माणसाची भरपाई समाज कशी करतो? हा प्रश्न कोणाला न्यायशास्त्राच्या जाड पुस्तकातला वाटेल. मला तो भेटला उजनी धरणाच्या काठी, करमाळा तालुक्यातल्या आमच्या गावी, आणि तोही ऐन दिवाळीत.

मोठ्या विमानतळाचा आणि धरणाकाठच्या गावाचा संबंध काय, असे कोणी विचारील. चाळीस वर्षांपूर्वी मीही विचारले असते. त्या काळी आमच्याकडचा माणूस लांब गेला तर पुण्या-मुंबईला जाई, आणि त्याहून लांब गेला तर फौजेत. आता तसे राहिलेले नाही. कंदरकडची केळी पेट्यांत बसून आखातात जातात, आणि त्यांच्या मागून पोरेही जातात. कोणी दुबईला वायरमन आहे, कोणी मस्कतला गाडी चालवतो, कोणी जहाजावर आहे. आज जेऊर स्टेशनावर गाडीत बसलेला मुलगा उद्या समुद्रापलीकडे असतो. केळ्यांच्या पेट्यांबरोबर सरकारी दाखला जातो, की या मालावर रोग नाही, कीड नाही. पोरांपैकी काहींच्या खिशातही तशाच अर्थाचा एक दाखला असतो. दाखल्यावाचून ये-जा करणारे आमच्याकडे फक्त पक्षी. थंडी पडली की पट्टकादंब हिमालय ओलांडून जलाशयावर उतरतात, लांबलांबचे रोहित उथळ पाण्यात चोची खुपसून उभे राहतात. त्यांना कोणी 'कोठून आलात, अंगात कसकस आहे का' असे विचारीत नाही. आणि विचारून उपयोगही नाही, कारण ते उत्तर देणार नाहीत. माणूस उत्तर देऊ शकतो. सगळी भानगड त्यातूनच सुरू होते.

२०१८ सालची गोष्ट. शेजारच्या घरातला मुलगा नायजेरियात एका कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्याच्या कामावर होता. सातवीपर्यंत तो माझ्याच हाताखाली शिकला. गणितात बरा, शुद्धलेखनात भयंकर. दोन वर्षांनी त्याला तीन आठवड्यांची रजा मिळाली, ती त्याने हिशेब करून दिवाळीला जोडून घेतली. वसुबारसेला, ४ नोव्हेंबरला, तो मुंबईच्या विमानतळावर उतरला. दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, घरी पोचायचा होता. आईने करंज्यांचे सारण करून ठेवले होते, बहीण सासरहून आली होती. रात्री फोन आला तो 'मी भाऊबीजेपर्यंत येत नाही' असा. पीतज्वराची लस टोचल्याचा जो पिवळा दाखला असतो, तो त्याच्याजवळ नव्हता. तिकडच्या खोलीत दुसऱ्या बॅगेच्या कप्प्यात राहून गेला होता. आरोग्य अधिकाऱ्याने त्याला बाजूला बसवले, नियम नीट समजावून सांगितला, आणि विलगीकरणाच्या जागी पाठवले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर चांगले होते हो गुरुजी, पण आईला कसं सांगू?"

आईच माझ्याकडे आली. "गुर्जी, तुमी शिकल्यालं हाय. मला सांगा, माझ्या लेकराला झालंय काय?"

"काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"मंग धरून कशापायी ठिवलंय?"

मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही. आज इतक्या वर्षांनंतरही ते एका वाक्यात बसत नाही.

पीतज्वर हा आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला रोग. तो माणसाकडून माणसाला थेट होत नाही, मध्ये डास लागतो. आणि कोणता डास? एडिस इजिप्ती; म्हणजे तोच, जो आमच्या रांजणात, सिमेंटच्या टाकीत, गोठ्यामागे फेकलेल्या टायरात अंडी घालतो आणि डेंग्यू देऊन जातो. रोग पसरायला तीन गोष्टी लागतात. डास आपल्या घरी तयार आहे. माणसे आहेत, आणि त्यांच्या अंगात या रोगाला तोंड देण्याची ताकद नाही, कारण हा रोग भारतात नाहीच. तिसरी गोष्ट म्हणजे त्या रोगाचा विषाणू, तो तेवढा यायचा राहिला आहे. आणि तो यायला एक मनुष्य पुरे. डास चावल्यापासून ताप भरेपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात. त्या दिवसांत माणूस हसतो, बोलतो, सामान उचलतो. तापमापक लावला तर पारा जागचा हलत नाही. सहा दिवसांचा नियम आला तो येथून. लस घेतलेली असली तर प्रश्न मिटला. एका टोचणीने दहा दिवसांत संरक्षण मिळते, आणि २०१६ पासून तो दाखला जन्मभर चालतो. पण दाखला जवळ नाही आणि माणूस त्या मुलखातून आलेला, तर आपले सरकार त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवते. या बाबतीत भारत फार कडक आहे, आणि कारण ऐकल्यावर त्याला नावे ठेवावीशी वाटत नाहीत.

हे सगळे मी त्या माउलीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजी मच्छर हितला, रोग तितला, आन् मधी माझं लेकरू."

इतके नेमके मला जमले नसते. मी मान डोलावली. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही, आणि होऊ नये तेही बरोबरच होते. "पर त्यानं कुणाचं काय वाकडं केलंय?"

खरोखर, त्याने काहीच केलेले नव्हते. आपल्या मनात कोंडणे आणि शिक्षा या दोन गोष्टी इतक्या घट्ट जोडलेल्या आहेत की कोंडलेला म्हटला की काहीतरी केले असणार, असे आपण धरूनच चालतो. शिक्षा अपराधाला असते. येथे अपराध नाही, म्हणून ही शिक्षा नव्हे. मग हे आहे तरी काय? एका माणसाच्या आयुष्यातले सहा दिवस बाकीच्यांच्या निर्धोकपणासाठी घेतले जातात. त्याच्या इच्छेवाचून आणि मोबदल्यावाचून. जुन्या मराठीत अशा गोष्टीला एक शब्द होता : वेठ. संस्थानी अमलात गावातल्या गड्याला उचलून साहेबाचे ओझे वाहायला लावीत, त्याची ही आधुनिक आवृत्ती म्हणावी काय?

हा शब्द मी उच्चारला तेव्हा ओट्यावर आबा बसले होते. आबा आमच्या गल्लीतले सर्वांत वडील माणूस. त्यांचे जुने घर, विहीर आणि काळी जमीन जलाशयाच्या तळाशी आहे. ते म्हणाले, "धरणाच्या वक्ताला आमीबी कुणाचं काय वाकडं केलं नव्हतं."

सगळे गप्प बसले. धरणाकाठच्या गावात हे वाक्य कोणी बोलले की पुढे बोलायला काही उरत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. सोलापूर शहर ते पिते, आणि जिल्ह्यातला कितीतरी ऊस त्याच्यावर उभा आहे. ज्या जिल्ह्याची दुष्काळाशिवाय दुसरी ओळख नव्हती, त्या जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागल्या. धरण नको होते असे म्हणणारा माणूस आज शोधून सापडणार नाही. आबाही तसे म्हणत नाहीत. पण त्या पाण्याखाली गावे गेली, देवळे गेली, पुण्याहून सोलापूरकडे जाणारा जुना रेल्वेमार्गसुद्धा गेला आणि गाडी दुसऱ्या वाटेने फिरवावी लागली. एका केत्तूरची दोन केत्तुरे झाली. दुष्काळी सालात पाणी फार उतरले की पलीकडच्या अंगाला पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. लोक होड्या करून बघायला जातात, फोटो काढतात. आबा जात नाहीत. त्यांचे म्हणणे असे की धरणाच्या वेळी त्यांना कोणी विचारले नाही, फक्त सांगितले. आणि सांगून झाल्यावर विसरून गेले.

यावरून मला वाटू लागले की त्या माउलीचा प्रश्न आणि आबांचा प्रश्न मुळात एकच आहे. पुष्कळांच्या भल्यासाठी थोड्यांचे काही घ्यावे लागते, हे मी मान्य करतो. ते मान्य न करणाऱ्याला समाजात राहता येणार नाही; त्याने रोहित पक्ष्यांबरोबर उडून जावे. पण ज्याचे घेतले तो गुन्हेगार नव्हे, आणि भिकारी तर नव्हेच नव्हे. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर तो धनको आहे आणि बाकीचे आपण सारे ऋणको. त्या खोलीत सहा दिवस बसलेला मुलगा मला, तुम्हाला आणि टेंभुर्णीच्या बाजारात फिरणाऱ्या हजार माणसांना सहा दिवस उसने देत होता. आपण मात्र अशा माणसाला काय म्हणतो? 'संशयित.' सरकारी कागदावर हा शब्द डॉक्टरी अर्थाने येतो हे मला समजते. पण तो गावात पोचेपर्यंत त्याचा अर्थ पोलिसी होतो.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा खेळ झाला. खोलीत बसायचे ते बसायचेच, मग त्याला धनको म्हणा की संशयित. तसे नाही. मोठ्या विमानतळावर रोग अडवायची जी व्यवस्था असते, तिच्याकडे जरा बारकाईने पाहा. जानेवारी २०२० मध्ये चीनहून मुंबईला येणाऱ्या प्रवाशांचे तापमान लांबूनच मोजायला सुरुवात झाली. यंत्र उत्तम होते. पण कोरोनाचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चौदा दिवसांपर्यंत जाऊ शकतात, आणि कित्येकांना लक्षणे दिसतच नाहीत. यंत्राला ताप दिसतो, रोग दिसत नाही. आणि तापाचे म्हणाल तर तो उतरवायची गोळी कोणत्याही दुकानात मिळते. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. ते दुबईहून १ मार्चला परतलेले प्रवासी होते. त्यात त्यांचा काय दोष? पुढे ऑगस्ट २०२० पासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत परदेशातून येणाऱ्या प्रवाशांकडून 'एअर सुविधा' नावाच्या अर्जावर आपल्या प्रकृतीचे निवेदन भरून घेत असत. म्हणजे काय, तर एवढे मोठे विमानतळ, एवढे दिवे, एवढे काचेचे दरवाजे, यांच्या पलीकडे शेवटचा दरवाजा असतो तो प्रवाशाच्या जिभेचा. 'तुम्हाला काही त्रास होतो आहे का?' याचे खरे उत्तर जगात एकाच माणसाला माहीत असते, आणि ते द्यायचे की नाही हेही तोच ठरवतो.

मग तो खरे कधी सांगेल? खरे सांगितल्याने त्याचे जे नुकसान होणार आहे ते त्याला सोसण्याजोगे वाटेल तेव्हा. हरिश्चंद्र एखादाच असतो; नियम करायचे असतात ते तुमच्याआमच्यासाठी.

याचा धडा महाराष्ट्राने एकदा फार महाग घेतला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग दिसला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, तोच कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना उतरवून तपासू लागले, बंदरांत बोटी अडवू लागले, त्या साली मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंचीही वाट बंद झाली. रोग खरा होता, भीती खरी होती; आणि तपासणीही, शास्त्र म्हणून पाहिले तर, अगदीच चुकीची नव्हती. चूक झाली ती पुण्यात घराघरांत सोल्जर शिरले तेव्हा. देवघरापर्यंत बूट गेले, बायकामाणसांची अब्रू राखली गेली नाही, सामान रस्त्यावर फेकले गेले. लोकांनी काय केले? आजारी माणसे लपवली. माळ्यावर, कोठीत, शेजारच्या गावी. मेलेल्यांनासुद्धा गुपचूप नेले. जी तपासणी रोग उघडा करायला निघाली होती तिनेच तो झाकायला शिकवले. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, ते आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. त्याच्या आधी, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोचवले होते, आणि त्यातच त्यांना प्लेग झाला. साथ एकच, शहर एकच, आणि रोग्याला हात लावण्याचे हे दोन प्रकार. तुमच्या दारी यांपैकी कोण आले असते तर तुम्ही आपला आजारी माणूस बाहेर आणला असता, हे मी विचारीत बसत नाही.

२०२० साली सोल्जर नव्हते. पण आमच्या भागात गावोगावच्या वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले. 'पुण्या-मुंबईच्यांना प्रवेश बंद' असे खडूने लिहिलेल्या फळ्या होत्या. त्यातले एक अक्षर ओळखीचे निघाले, माझ्याच एका विद्यार्थ्याचे. मार्चच्या मध्यावर सरकारने परदेशातून आलेल्या आणि घरी राहण्यास सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हातावर न पुसणारा शिक्का मारायला सुरुवात केली. जर्मनीहून आलेले चौघे असे शिक्के घेऊन गरीब रथ गाडीने निघाले होते. सहप्रवाशांच्या लक्षात आले आणि त्यांना पालघरला उतरवले गेले. त्यांनी प्रवास करायला नको होता, याबद्दल मला शंका नाही. तारीख संपेपर्यंत घरी राहायचे हे त्यांनी कबूल केले होते, आणि कबुली ही कबुली. पण त्याच दिवसांत आमच्याकडे आखातातून परतलेला एक तरुण चैत्राच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ओसरीवर बसलेला मी पाहिला. तो कोठे जात नव्हता, कोणाला शिवत नव्हता, नियम तंतोतंत पाळत होता. तरी हात झाकून बसला होता. येणारी-जाणारी पोरे त्याच्याकडे बोट दाखवीत होती आणि मोबाइलवर चित्र काढीत होती. नियम पाळणाराच जर तोंड लपवू लागला, तर न पाळणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

येथे मला आपल्या समाजाची एक जुनी खोड आठवते, आणि दिवाळीच्या अंकात ती काढू नये असे कोणाला वाटले तरी ती काढल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. माणसाला लांब ठेवण्याचे शास्त्र आपल्याला कोणी परदेशातून शिकवायला नको. त्यात आपण हजारो वर्षे पारंगत आहोत. विटाळाच्या नावाखाली आपण माणसांच्या पिढ्यांच्या पिढ्या गावाबाहेर ठेवल्या. म्हणून विलगीकरणाचा नियम आपल्याकडे आला की त्याला विटाळाचा रंग लवकर चढतो. दोहोंतला फरक अगदी साधा आहे, आणि तो त्या शिक्क्यातच होता : शिक्क्यावर तारीख होती. अमुक दिवसापर्यंत, पुढे नाही. चौदाव्या शतकात रागुसाच्या बंदरात बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस थांबवू लागले, पुढे चाळीस झाले, आणि 'क्वारंटाइन' हे नावच त्या चाळिसावरून पडले. म्हणजे जन्मापासूनच हा नियम आकडा सांगणारा आहे. तो राजाच्या दूताला आणि खलाशाला सारखाच लागू करावा लागतो, आणि संपल्या दिवशी संपवावा लागतो. विटाळाला आकडा नसतो. चौदा दिवस उलटल्यावरही त्या तरुणाच्या घरी पंधरा-वीस दिवस कोणी दूध घालीना. ते वरचे दिवस रोगाचे नव्हते. ते आपले होते.

देशादेशांतही हेच चालते. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेत प्लेग आला, तेव्हा आखाती देशांनी भारताची विमाने काही काळ बंद केली, आणि इतरत्र विमानतळांवर भारतातून आलेल्यांना बाजूला काढून तपासू लागले. मग तो केरळचा असो की काश्मीरचा. राग येण्याजोगी गोष्ट होती. तरी परक्याने घाबरून दार लावले हे मी समजू शकतो. मला समजत नाही ते दुसरेच. मे २०२१ मध्ये, आपल्याकडे दुसरी लाट भरात असताना, ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना काही दिवस प्रवेश बंद केला, आणि आल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद पुढे केली. आपले लेकरू दारात आल्यावर 'अंगणात थांब, आंघोळ करून मगच आत ये' असे म्हणणे वेगळे, आणि 'आलास तर चौकीत देईन' असे म्हणणे वेगळे. पहिल्यात काळजी आहे. दुसऱ्यात काय आहे त्याला चांगला शब्द मला सापडत नाही. आमच्या वेशीवरच्या काट्याही त्यातल्याच. मुंबईहून चालत आलेली माणसे आमचीच होती. उलट त्याच २०२० च्या आषाढीला वारकरी घरी राहिले, आणि संतांच्या पादुका एसटीच्या गाडीतून उजनीखालच्या पंढरपूरला गेल्या. शतकांची वाट लाखो माणसांनी मोडू दिली. ती जड गेली, पण तिचा कोणाला अपमान वाटला नाही, कारण थांबला तो सगळा समाज थांबला, एकटा कोणी नाही.

तो मुलगा भाऊबीजेला सकाळी सुटला आणि रात्री उशिरा जेऊरला उतरला. बहिणीने ओवाळणीचे ताट तसेच ठेवले होते. ओवाळताना तिने विचारले, "भीती वाटली का रे?" तो म्हणाला, भीती नाही, कंटाळा आला; आणि शेजारच्या खाटेवर एक गुजराती व्यापारी होता, त्याच्याकडून पत्त्यांचा एक नवा डाव शिकून आलो. दुसऱ्या दिवशी गल्लीत कोणी त्याच्यापासून अंतर राखून बसले नाही. आईनेच आधी सगळ्यांना सांगून ठेवले होते, की आपलं पोरगं सगळ्या गावासाठी तिथं बसलंय. ही समज तिला माझ्या व्याख्यानाने आली की आबांच्या एका वाक्याने, हे मी सांगणार नाही.

धनको-ऋणकोचा माझा विचार मी त्यानंतर आबांना मोठ्या उत्साहाने ऐकवला. आबांनी तंबाखू मळता मळता ऐकला.

"त्याची सुट्टी किती व्हती?" त्यांनी विचारले.

"एकवीस दिवस."

"आन् त्यातलं ह्ये सा गेलं. मंग ते सा त्याला पुढं वाडवून दिलं का?"

"नाही. तो ठरलेल्या दिवशीच परत गेला."

नंतर २०२० मध्ये परदेशातून येणाऱ्यांना सात दिवस बाहेर, स्वतःच्या खर्चाने राहावे लागले, आणि पुढचे सात दिवस घरी. तेही मी आबांना सांगितले. खोलीचे भाडे ज्याचे त्यानेच द्यायचे, हे त्यांना दोनदा सांगावे लागले. पहिल्यांदा त्यांना वाटले की मी उलटे बोलतो आहे.

"म्हंजी बसायचं आपल्यासाठी, आन् पैसं भरायचं त्यानंच?"

"हो."

"मंग धनको कसला, गुर्जी?" आबा तंबाखू तोंडात टाकीत म्हणाले. "आमच्यावानीच धरणग्रस्त झाला की त्यो."